एका पाटीसाठी मुक्काम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘निऑनची एक जुनी पाटी बघायला एवढ्याशा गावात रात्र कशाला काढायची?’ हा प्रश्न मला अनेकदा येतो. माझं उत्तर एकच, की ती पाटी दोनदा बघावी लागते.

पहिल्यांदा उन्हात. तेव्हा ती नुसती वळवलेली काच असते, म्हणूनच हातकाम दिसतं. कारागीर काचेची नळी ज्योतीवर मऊ करून वाकवतो आणि वळणावर ती चपटू नये म्हणून रबरी नळीतून आत हलकेच फुंकत राहतो. एकाच नळीत पुष्कळदा तीन-चार अक्षरं ओवलेली असतात. मधले जोड काळ्या रंगाने झाकतात. रात्री हे जोड दिसत नाहीत. दिवसा मी ते शोधत रस्त्यावर कितीतरी वेळ उभी राहते.

मग दिवेलागणीला. नळीत भरलेला शुद्ध निऑन वायू विजेवर फक्त तांबूस-केशरी उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि किंचित पारा लागतो. निऑन वायू रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधला, जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसमध्ये त्याचे दिवे लोकांपुढे मांडले. शहरात तो रंग एलईडीच्या झगझगाटात बुडून जातो. छोट्या गावात आजूबाजूला अंधार असतो, त्यामुळे केशरी उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोचतो. रस्ता इतका शांत की ट्रान्सफॉर्मरची गुणगुणसुद्धा कानावर येते.

अशा पाट्या छोट्या गावांत का उरल्या? अमेरिकेतलं टुकमकॅरी घ्या. रूट ६६ हा जुना महामार्ग गावातून जायचा, तेव्हा गाडीवाल्यांना थांबवायला मोटेलांनी निऑन लावला. पुढे नवा, मोठा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि गिऱ्हाईक आटलं. नवी पाटी लावण्याचं कारणच उरलं नाही, म्हणून जुनीच राहिली. पण तेवढ्याने पाटी जगत नाही. नळी फुटली की ती वळवणारा माणूस शोधावा लागतो. हा खटाटोप करणाऱ्या मालकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांच्याशी निवांत बोलायला मिळतं तेही मुक्काम केला तरच.

तेव्हा जाल तर दुपारीच पोचा. सूर्य मावळायच्या थोडं आधी पाटीसमोर उभ्या राहा. आकाश गडद निळं असतानाच ती उजळते.