चीफ माउंटन शीट (१९०४): कुठवर आलं काम

मोंटानातल्या आजच्या ग्लेशियर नॅशनल पार्कची ही यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची) जुनी शीट, म्हणजे नकाशाचा कागद, १:१,२५,०००, कंटूर (समान उंचीच्या रेषा) अंतर १०० फूट. पाहणी फ्रान्स्वा मात्थेस यांची, प्लेन टेबलवर, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या तिपाईवरच्या फळीवर. जिओरेफरन्सिंग (स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं) झालं, खंडीय जलविभाजक (खंडाचं पाणी वेगवेगळ्या समुद्रांकडे वाटणारी रेषा) गिरवणं सुरू आहे.

६०० डीपीआय स्कॅनवर एक पिक्सेल म्हणजे ५.३ मीटर. दर १० मिनिटांच्या अक्षांश-रेखांशांचे १६ छेद मिळतात; स्कॅन बसवायला सगळे घ्यावेत, चार कोपऱ्यांवर भागवू नये.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट सीआरएस (निर्देशक पद्धत) नुसते अक्षांश-रेखांश ठेवून 'पॉलिनॉमियल १' (नकाशा सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं साधं रूपांतर) लावलं की कोपरे बिघडतात. शीटची उत्तर कड दक्षिण कडेपेक्षा सुमारे ३६५ मीटरने आखूड आहे, कागदावर जवळपास ३ मिमी, आणि हे रूपांतर समलंबाचा आयत करू शकत नाही. दर कोपऱ्याला ९० मीटरची चूक उरते. म्हणून कस्टम सीआरएस: पॉलिकॉनिक (शीटचं मूळ प्रक्षेपण), मध्य रेखांश उणे ११३.७५, क्लार्क १८६६ (पृथ्वीच्या आकाराचं तेव्हाचं माप). मग पॉलिनॉमियल १ पुरतं, कागद एका दिशेने जास्त आटला असला तरी. सरासरी चूक ७ पिक्सेलच्या आत आली की थांबावं. थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक बिंदू तंतोतंत बसेल असा नकाशा वाकवणारं रूपांतर) दाखवतं त्या शून्य चुकीला भुलू नये. भलतीकडे टेकवलेला बिंदूही ते मुकाट गिळतं.

छेद जुळले तरी डोंगर सरकलेले दिसतात, कारण शीट नॅड २७च्या (उत्तर अमेरिकेच्या १९२७च्या मोजणी-आधाराच्या) आधीची. संपूर्ण थर एकदम सरकवायचा, शिखरं आणि सरोवरांची तोंडं धरून. हिमनद्यांच्या कडा नकोत: ग्रिनेल आणि सॅलामँडर तेव्हा एकच होत्या, वरचं ग्रिनेल सरोवर नव्हतंच. कॅनडाची सीमाही नको. ती जमिनीवर रोवलेल्या खुणांतून जाते. त्या खुणा ताऱ्यांच्या वेधांवरून ठरल्या आणि डोंगरांमुळे ओळंबा कलतो, त्यामुळे सीमा गणिती ४९ अंशावर तंतोतंत नाही.

ट्रिपल डिव्हाइड शिखर (८,०२० फूट) पूर्व कडेपासून जेमतेम १ सेमी आत आहे. इथून पाणी पॅसिफिक, मेक्सिकोचं आखात आणि हडसन उपसागर अशा तीन दिशांना जातं, म्हणून तिन्ही रेषा एका बिंदूत मिळायलाच हव्यात. दक्षिणेकडची रेषा लवकरच कडेबाहेर जाते. शेजारची शीट त्याच रीतीने बसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गिरवलेली रेषा ताडून पाहायला १० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचींचा डिजिटल साचा) आणि ग्रास या सॉफ्टवेअरमधलं पाणलोटाचं टूल. खिंडींत गिरवलेली आणि टूलने काढलेली अशा दोन्ही रेषा जवळ येतात, उभ्या कड्यांवर फाकतात. तिथले कंटूर मोजलेल्या मोजक्या बिंदूंमध्ये नजरेने काढलेले, म्हणून त्या फरकाला जमिनीतला बदल समजू नये. उंचींची वजाबाकी तर नकोच, अर्धा कंटूरच १५ मीटरचा आहे.