हेड कॉन्स्टेबल होताना

चोर पकडला, चांगला तपास केला की पोलिसाला बढती मिळते, असं गावाकडं अजून समजतात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून दर गणपतीला मला एकच विचारणा यायची, ‘काय रे, फिती लागल्या का नाही अजून?’ तीही फोनवर, कारण गणपतीत मी बेळगावच्या बंदोबस्तात. गावाला कसं सांगणार, की कॉन्स्टेबलचा हेड कॉन्स्टेबल होण्यात शौर्याचा भाग जवळजवळ नसतो. वरची जागा रिकामी व्हावी लागते, यादीत तुमचा नंबर यावा लागतो आणि त्या वेळी तुमचं सर्व्हिस रजिस्टर स्वच्छ असावं लागतं.

यादी म्हणजे ज्येष्ठता यादी. आधी तात्पुरती निघते. राइटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, सांगतो, बघून सही करा, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. हरकती निकाली निघाल्या की अंतिम यादी. सगळं कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतला, पण ठाण्यात कागद लिहून लिहून कन्नडची भीती कधीच मोडली होती. बरेच जण आपलं नाव सापडलं की सही ठोकून मोकळे होतात. खरं तर नाव बघायचंच नसतं, पुढचे रकाने बघायचे असतात: जन्मतारीख, प्रवर्ग, निवड यादीतला क्रमांक, रुजू तारीख, प्रोबेशन संपल्याचा आदेश. एक तारीख चुकली की पुढची सगळी वर्षं ती चूक तुमच्या मागं लागते.

आमच्या बॅचमधला निपाणीकडचा एक जण माझ्याआधी रुजू झाला होता, पण यादीत माझ्या खाली. त्यानं हरकत घ्यायची म्हणून अर्ज लिहायलाही घेतला. ठाण्यातल्या जुन्या जमादारांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘अरे, तू आधी पोचलास ते बस लवकर मिळाली म्हणून. नंबर पेपराच्या मार्कांनी लागतो.’ एकाच भरतीतले थेट उमेदवार असले की त्यांचा क्रम निवड यादीतल्या गुणवत्तेवर ठरतो; मुदतीत हजर झालं म्हणजे झालं, कोण आधी आला याला अर्थ नाही. त्यानं अर्ज फाडला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तो भाग वेगळा.

याहून जास्त माणसं बदलीत मागं पडतात. कॉन्स्टेबलची ज्येष्ठता युनिटपुरती. 2014 साली बेळगावात पोलीस आयुक्तालय झालं, त्याआधी शहर काय आणि तालुके काय, सगळं एसपी ऑफिसच्याच खाली. आता शहराची यादी वेगळी, जिल्ह्याची वेगळी, आणि दोन्हीकडं जागा रिकाम्या होण्याचा वेग एक नाही. धारवाडकडून स्वतःच्या विनंतीवर इकडं आलेला आमचा एक दोस्त बरीच सर्व्हिस पदरी असून यादीच्या तळाला गेला. 1957 च्या ज्येष्ठता नियमांत तसंच आहे: विनंती बदलीवाल्यानं नव्या युनिटात शेवटच्या माणसाखाली उभं राहायचं. घरी आजारी आई असलेल्याला हा नियम फार टोचतो. पण तो नसता तर इथं वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांच्या डोक्यावर बाहेरची माणसं येऊन बसली असती, हेही मला पटतं.

मग रोस्टर, म्हणजे आरक्षणाच्या जागांचा ठरलेला क्रम. बढतीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे आणि त्यातून मिळणाऱ्या ज्येष्ठतेवर कर्नाटकात मोठी लढाई झाली. सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली बी. के. पवित्रा खटल्यात राज्याच्या 2002 च्या कायद्यातली ही ज्येष्ठता देणारी कलमं रद्द केली, खात्याखात्यांत याद्या पुन्हा मांडायची वेळ आली. सरकारनं नवा कायदा आणला आणि मे 2019 मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. त्या काळात चहाच्या गाड्यावर कुणी कुणाच्या वर, यावरून मित्रामित्रांत तोंडं फिरली. मी त्यात पडलो नाही. यादी कोर्टात ठरत असेल तर गाड्यावर भांडून काय मिळणार?

नंबर जवळ आला की सगळे जपून चालतात. बढती समितीपुढं नाव जाताना बघतात ते वार्षिक अहवाल, चालू शिक्षा, डीई म्हणजे खात्याची चौकशी, गुन्हा. डीईत दोषारोपपत्र हातात पडलेलं असेल तर नावाचा विचार होतो, पण निर्णय बंद पाकिटात जातो. निर्दोष सुटला तर पाकीट उघडून जुनी ज्येष्ठता मिळते, पण तोवर खालची पोरं फिती लावून समोरून जातात. म्हणून सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनाचा बंदोबस्त असो की शिवजयंतीच्या चित्ररथांचा, पॉइंट सोडून कुणी हलत नव्हतं.

बायको म्हणायची, परीक्षा देऊन सरळ पीएसआय, म्हणजे फौजदार, व्हा. ड्युटी करणाऱ्यांसाठीही वाट आहे. मी पुस्तकं आणली होती, पण 2021 मधली 545 जागांची परीक्षा घोटाळ्यापायी रद्द झाली आणि माझा जीव त्यातून उठला. रांग बरी वाटली.

ऑर्डर आली तेव्हा पगारात फार फरक पडला नाही. एकाच पदावर दहा वर्षं काढल्यावर मिळणारी कालबद्ध वेतनवाढ आधीच मिळाली होती. फरक पडला तो कायद्यात. ठाण्याचा अधिकारी हजर नसेल तर त्याच्या खालोखालचा, पण कॉन्स्टेबलच्या वरचा माणूस ठाण्याचा प्रभारी ठरतो. म्हणजे पीएसआय आणि एएसआय (सहायक फौजदार) दोघंही बाहेर असले की रात्री ठाणं माझ्यावर. पहिल्याच अशा रात्री वडगावकडचे एक काका मोटारसायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आले. ते मराठीत सांगत गेले, मी कन्नडमध्ये लिहीत गेलो, वाचून मराठीत समजावलं आणि सही घेतली. आधीही हेच करायचो, पण खाली सही दुसऱ्याची असायची.