ऑफलाइन ग्रंथालयातला स्थानिक कप्पा

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी डिजिटल ग्रंथालय उभारणे आता तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड राहिलेले नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, मोठ्या क्षमतेचे मेमरी कार्ड आणि ‘इंटरनेट-इन-अ-बॉक्स’सारखी मोफत प्रणाली एवढ्या सामग्रीवर स्वतःचे वाय-फाय पुरवणारी पेटी तयार होते, आणि आसपासचे मोबाइल तिला जोडले की विकिपीडियाची पाने नेहमीसारखी ब्राउझरमध्ये उघडतात. मात्र ही पेटी बाहेरच्या ज्ञानाने जितकी सहज भरते, तितकी ती जिथे ठेवली आहे तिथल्या माहितीने भरत नाही. यामागे लोकांच्या उत्साहाचा अभाव असतो असे मला वाटत नाही; कारण बरेचसे पेटीच्या रचनेतच आहे.

इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्याची सोय करणारा किविक्स हा प्रकल्प २००७ साली सुरू झाला आणि त्याच्या ‘झिम’ फाइलींमुळे अख्खा विकिपीडिया एका संकुचित फाइलीत बसू लागला. ही फाइल केवळ वाचण्यासाठी असते; वाचकाला तिच्यात एक ओळही घालता येत नाही. म्हणजे स्थानिक माहितीसाठी त्याच पेटीत वर्डप्रेस किंवा मीडियाविकी यांसारख्या पाने तयार करण्याच्या प्रणालीची वेगळी, लिहिता येण्याजोगी जागा मुद्दाम चालू करावी लागते, कुणाला तरी तिचा पासवर्ड द्यावा लागतो आणि पहिल्या पानावर तिचा दुवा ठळकपणे ठेवावा लागतो. हे न करता लोक लिहीत नाहीत अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे.

लिहिणे हा शब्दही इथे सैलपणे घ्यावा. पाण्याच्या जुन्या जागा, औषधी वनस्पतींची ओळख, दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे, जवळच्या दवाखान्याची वेळ यांपैकी बरेच काही लोकांच्या तोंडी असते, आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दोन ओळींच्या वर्णनासह पेटीत ठेवले तरी पुरते. ते दोन ओळींचे वर्णन मात्र टाळू नये, कारण शोधपट्टीला आवाज ऐकू येत नाही. जुन्या दस्तऐवजांची छायाचित्रे आणि युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षर-संकेताआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर यांनाही हेच लागू पडते.

खरी पंचाईत पुढे येते. झऱ्याची जागा वर्षानुवर्षे बदलत नाही, पण दवाखान्याची वेळ महिन्याभरात बदलू शकते, आणि इंटरनेट नसल्यामुळे जुने पान आपोआप सुधारले जाणार नसते. त्यातच रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की त्यांचा काळ थांबतो, आणि नेटवर्कवरून वेळ मिळाली नाही तर ती जुन्याच तारखेपासून पुढे मोजू लागतात. त्यामुळे पानाखाली प्रणालीने आपोआप टाकलेली तारीख सरळ खोटी असू शकते! तेव्हा माहिती कुणी दिली, कधी तपासली आणि कधीपर्यंत ग्राह्य धरावी, हे मजकुरातच हाताने लिहिणे हा माझ्या लेखी अशा ग्रंथालयाचा पहिला नियम असावा. शक्य असेल तिथे घड्याळाचा छोटा सुटा भाग बसवावा, पण हाताने लिहिलेली तारीख तरीही सोडू नये.

देवाणघेवाणीतही अशीच एक बाब लक्षात घ्यावी लागते. एका पेटीतली माहिती दुसरीकडे जाते ती पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डावरून, आणि एकदा गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. संकेतस्थळावरची चूक मूळ जागी दुरुस्त केली की पुढच्या वाचकाला नवे पान मिळते. इथे चुकीचे पान दहा ठिकाणी तसेच उघडत राहते. म्हणून संमती आधी घ्यावी, आणि तीही नेमकी: ध्वनिमुद्रण फक्त याच पेटीत राहणार की बाहेर जाणार, नाव द्यायचे की नाही. काही माहिती समाजाला आपल्यापुरतीच ठेवायची असते, उदाहरणार्थ दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा. तिच्यासाठी बाहेर न जाणारा वेगळा कप्पा असावा.

बाहेर पाठवायच्या संग्रहाला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि सोबत रद्द केलेल्या पानांची यादी जोडावी, म्हणजे नवी प्रत घालणाऱ्याला जुने काय पुसायचे ते कळते. एक तांत्रिक सूचना राहिली: एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे मोठा संग्रह नेण्यापूर्वी पेनड्राइव्ह एक्सएफएटी पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा.