हिरव्या झग्याचे दिवस

आमच्या वसईत चर्चच्या आवारात किती स्कूटर लागल्यात ते बघून कॅलेंडर न उघडता सांगता येतं की चर्चचं वर्ष कुठवर आलंय. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला) गाड्या पार रस्त्यापर्यंत, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी लोकल पकडणारे पण आधी कपाळाला राख लावायला रांगेत, गुड फ्रायडेला तर उभं राहायला जागा नाही. आणि जुलैतल्या एखाद्या रविवारी सकाळी जा, पोर्चमधल्या छत्र्या मोजल्या की झाली माणसं मोजून.

मला विचाराल तर ईस्टरआधीचा हा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सोपा असतो (फादरांना सांगू नका). काय सोडायचं ते ठरलेलं, सगळेच काही ना काही सोडत असतात, लग्नं नाहीत त्यामुळे जेवणावळी नाहीत, घरात मटणच शिजत नाही तर मोह येणार कुठून. शिवाय शुक्रवारी मांस वर्ज्य पण मासे चालतात, आणि हा नियम कुठे, तर वसईत! म्हणजे चिकन सोडून पापलेट खायचं आणि वर त्याला त्याग म्हणायचं. आमच्या सासूबाई मात्र पक्क्या, शुक्रवारी मासे पण नाहीत, पेज आणि लोणचं, आणि दुसऱ्या कुणी खाल्लं तर बोलत काहीच नाहीत, फक्त एकदा ताटाकडे बघतात. तेवढं पुरतं. २०२४ ला राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला होता तेव्हा पोरांची जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती, कपाळाला राख आणि बॅगेत गुलाब.

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते याचं शेजारच्या काकूंना फार कोडं, तुमचं तर इंग्रजी कॅलेंडर ना मग असं कसं. त्यांना सांगितलं की आमचा ईस्टर पण चंद्रावरच चालतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार. म्हणून तर २०२४ ला धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ ला, २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ ला. आता काकूच बिल्डिंगमध्ये सगळ्यांना समजावतात.

तर हे सगळे जांभळे आणि पांढरे दिवस. नाताळआधीचा आगमनकाळ आणि उपवासकाळात मिस्सेला फादरांचा झगा जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा नाहीतर सोनेरी, पेन्टेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पवित्र आत्म्याचा सण) लाल. आणि पेन्टेकॉस्ट झाला की दुसऱ्या दिवसापासून हिरवा, तो थेट नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. नाताळ आणि उपवासकाळाच्या मधले काही आठवडे धरले तर वर्षाच्या ५२ आठवड्यांतले ३३-३४ सामान्य काळाचे, म्हणजे मोठा सण नाही की उपवास नाही असे, हिरवे. आम्ही काही बायका वेदीवरचे कपडे धुवायला-इस्त्रीला आणतो म्हणून मला माहितीये, सोनेरी झगा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये अजून कोरा करकरीत आहे, भरतकामाचा एक धागा हललेला नाही, आणि हिरव्याची कॉलर आतून पार विरलीये, घामाचा पट्टा कितीही घासा जात नाही, खांद्याजवळ रफू केलंय ते जवळून दिसतं. पावसात वाळत पण नाही नीट, पंख्याखाली टाकायला लागतो. दरवर्षी कुणीतरी देणगी देतो ती सोनेरीसाठी किंवा नाताळच्या गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) लायटिंगसाठी. हिरव्यासाठी कुणी दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि गंमत म्हणजे हे दिवस आमच्याकडे बरोबर पावसाचे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, बायबलमधली मत्तय, मार्क, लूक यांची शुभवर्तमानं, आणि २०२६ मत्तयचं आहे, त्यामुळे पेरणाऱ्याचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) येतो तो १२ जुलैला, म्हणजे ज्यांची शेती अजून उरलीये ते भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात असताना. आमच्या आळीतले एक बाबा दर वेळी हा दाखला ऐकून वैतागतात. अहो काही वाटेवर पडलं काही खडकावर पडलं काही काट्यांत पडलं, हा शेतकरी आहे का कोण, एवढं बी वाया घालवणाऱ्याला आमच्या बापाने बांधावर उभं केलं नसतं. फादर हसतात. मला वाटतं बाबांनी दाखला आमच्यापेक्षा नीट ऐकलाय, कारण देव असाच उधळ्या आहे असंच त्यात म्हणायचं असावं.

त्याच्या पुढच्या रविवारी निदणाचा, म्हणजे तणाचा दाखला. गव्हात निदण उगवलंय, नोकर म्हणतात उपटू का, मालक म्हणतो राहू दे, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. हा मला जड जातो. मटण चाळीस दिवस सोडता येतं हो, पण जावेशी बारा महिने नीट बोलायचं, ती पण कॉयरमध्ये (चर्चच्या गायकांत), मी पण कॉयरमध्ये, आणि ती प्रत्येक गाणं अर्धी पट्टी वर सुरू करते. मी तिला निदण समजते, ती मला समजत असणार, आणि दोघींनी सप्टेंबरात मारियामातेच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला नऊ दिवस शेजारी उभं राहून गायचं. यासाठी कुणी कपाळाला राख लावत नाही, कुणी विचारत पण नाही की या वर्षी काय सोडलंस.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण असतो तेव्हा जरा जान येते, भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये येतात, आशीर्वाद होतो, जेवण होतं. आता लोंब्या कुठल्यातरी एकाच शेतातून आणायला लागतात हा भाग वेगळा. आणि त्याच जेवणाच्या पंगतीत नाताळच्या गोठ्याची मीटिंग कधी घ्यायची ते सुरू होतं, नावं द्यायला झुंबड, यंदा धबधबा करू, यंदा मोटर लावू, नाव नोंदवणारा पोरगा म्हणतो आता बस.

मिस्सेत बायबल वाचणाऱ्यांची जुलै-ऑगस्टची यादी मात्र माझ्याकडे आहे. सकाळच्या मिस्सेचे दोन रविवार अजून रिकामे आहेत, गावातलं कुणी हे वाचत असेल तर कळवा, वाचन लहान आहे आणि माईक पण आता नीट चालतो.