गीझर बदलायला मी तीन वर्षं उशीर केला

आमचा १५ लिटरचा गीझर २०१२ चा, वाघोलीत राहायला आलो तेव्हा घेतलेला. इथलं पाणी म्हणजे बोअर नाहीतर टँकर, आठवड्यात बादलीला पांढरा थर बसतो, मग गीझरच्या पोटात काय होत असेल हा विचार तेव्हाच यायला हवा होता, नाही आला. २०१८ ला कॉइल गेली, बदलली. २०२२ ला परत गेली तेव्हा इलेक्ट्रिशियन दादांनी अ‍ॅनोड रॉड काढून हातात दिला. मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकीऐवजी तो झिजतो म्हणून टाकी टिकते, वर्ष-दोन वर्षांनी बघायचा असतो. आमचा दहा वर्षांत कोणी बघितलाच नव्हता. उरली होती नुसती मधली तार, सायकलच्या स्पोकसारखी. "साहेब, आता टाकीच गंजायला लागली असणार, नवीन घ्या." मी म्हटलं कॉइल अकराशेत होतेय ना, मग टाका कॉइल. नवीन रॉडही टाकला, पण एकदा लागलेला गंज थोडाच परत जातो!

गेल्या हिवाळ्यात गीझर चालू केला की आतून खडखड, पोहे भाजल्यासारखा आवाज. मग ईएलसीबी, म्हणजे वीज तोडणारा सुरक्षेचा खटका, पडायला लागला. कॉइलचं आवरण तडकलं की करंट पाण्यात उतरतो, ते तो पकडतो, आणि मी शहाण्यासारखा दोनदा खटका वर करून आंघोळीला गेलो. हे घरी कळल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. तरी तिथपर्यंत दुरुस्तीच चालली असती, कॉइल, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं बदलून मिळतं.

पण मग खाली थेंब दिसला. मला वाटलं पाईपचा जॉइंट असेल. दादांनी फोनवरच सांगितलं, वीज बंद करा, दोन्ही पाईप आणि व्हॉल्व्ह कोरडे पुसा, पेपरची पट्टी गुंडाळून ठेवा. तासाभराने बघितलं तर तिन्ही पट्ट्या कोरड्या ठाक, आणि खालच्या झाकणाच्या फटीतून तांबूस थेंब टपकतोय. गरम नळाचं पाणी पांढऱ्या मगात घेतलं तर तेही चहाच्या पाण्यासारखं, गार नळाचं स्वच्छ. म्हणजे टाकीच गेली. वेल्डिंग होईल का विचारलं (हो, तरीही विचारलं), तर दादा म्हणाले आतला काचेचा लेप जळेल आणि प्रेशरची वस्तू आहे, मी हात लावणार नाही.

नवीन घेताना रंग आणि डिस्प्ले यात मी पडलोच नाही, टाकीची वॉरंटी आणि प्रेशर रेटिंग एवढंच विचारलं. इमारत अकरा मजली, आम्ही दुसऱ्यावर, पाण्याची टाकी गच्चीवर, म्हणजे सगळा दाब आमच्याच डोक्यावर, म्हणून ८ बारचा घेतला. जुना उतरवला तेव्हा पाणी सगळं काढूनही आत काहीतरी वाजत होतं, उलटा केला तर तुरटीसारखे खडे पडले, अर्धी बादली भरली.

नव्यावर मार्करने तारीख लिहून ठेवलीय, पुढच्या दिवाळीआधी रॉड बघायचा. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवलाय. आईला ते काही पटलेलं नाही, पाण्यात विसण घालावंच लागत नाही म्हणजे गीझर कमी ताकदीचा मिळालाय म्हणते.