लॉग १४: नवीन साइट, तीन फेऱ्या आणि हवेत सहा मिनिटं

हँग ग्लायडिंगच्या (पंखासारख्या ग्लायडरखाली लटकून उडायचं) ट्रेनिंगचं उतारावरचं काम संपलं, नॉव्हिस रेटिंग (नवशिक्या पायलटचा दर्जा) हातात आलं, आणि मला वाटलं आता काय, ग्लायडर गाडीवर टाकायचा आणि निघायचं. तसं काही नसतं. या महिन्यात मोठ्या टेकडीच्या साइटवर तीनदा गेलो, हवेत जेमतेम ६ मिनिटं होतो, पण लॉगबुकाची तीन पानं भरलीत. नुकतंच रेटिंग मिळालेल्यांना उपयोग होईल म्हणून त्यातलं थोडं इथे टाकतोय.

पहिल्या फेरीला ग्लायडर गाडीवरून खालीसुद्धा उतरवू दिला नाही. साइट बघणारे सीनियर पायलट म्हणाले, आधी लँडिंगचं शेत पायी फिरून ये. मला जाम राग आलेला, वारा इतका मस्त होता आणि मी बांध मोजत फिरतोय. पण शेताच्या कडेला पोचलो तर समोर विजेचे खांब, आणि तारा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसेनात. ते म्हणाले, वरून तार दिसतच नाही, वरून खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं. दुसरं म्हणजे उतार. टेकडीवरून ते शेत पाटासारखं सपाट दिसतं, चालताना पोटऱ्यांना कळतं की एका बाजूला चांगलं खाली गेलंय. त्या बाजूला तोंड करून उतरायला गेलं की ग्लायडर जमिनीला लागून तरंगत राहतो आणि जमीन खाली खाली पळते, शेत संपतं पण आपण उतरलेलो नसतो. आणि कडेला उंच झाडं असतील तर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला रोटर (हवेचा घुसळता भोवरा) असतो, तिथून लांब राहायचं.

गेटचा नियमही तिथेच कळला. उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर आत गेल्यावर परत बंद. मी शहाणपणा करून उघडं गेट लावायला गेलो होतो, ते गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं! उभ्या पिकातून जायचं नाही, गाडी वाटेत लावायची नाही, उतरल्यावर आधी ग्लायडर कडेला न्यायचा आणि मगच बॅटन (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) काढायला बसायचं, कारण मागून दुसरा उतरत असतो. जमीन आपली नाही, मालक एकावर वैतागला तरी साइट सगळ्यांची बंद होते.

दुसरी फेरी वाऱ्यानं खाल्ली. मला घालून दिलेली मर्यादा ताशी २० किमी, आणि झोत येत होते ३० चे. मी म्हटलं दहाचाच तर फरक आहे. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे २० चे ३० झाले की जोर सव्वादोनपट. चार तास विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) बघत बसलो. ग्लायडिंगचा जर्मन आद्य प्रवर्तक ओटो लिलिएंथल आठवत होता, २००० च्या आसपास ग्लाइड केलेला माणूस, १८९६ च्या ऑगस्टमध्ये ग्लायडर स्टॉल होऊन (पंखाची उचल जाऊन) पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. माझे ग्लाइड अजून शंभरही नाहीत. गपचूप गाडी वळवली.

तिसऱ्या फेरीला वारा १५, समोरून, एकसारखा. ग्लायडर लावला, नट, सेफ्टी रिंगा, वायरी बघितल्या, हँग चेकही (हुक लावून लटकून बघणं) झाला, एकानं नोज (ग्लायडरचं पुढचं टोक) धरली, मी लटकलो, छाती बेस बारच्या (हातात धरायच्या आडव्या दांडीच्या) बरोबर वर. मग आठवलं की ग्लोव्हज बॅगेतच राहिलेत, कॅराबिनर (अंगावरचा हार्नेस ग्लायडरला अडकवायची कडी) काढला, घेऊन आलो, फ्रेम उचलली आणि पळायच्या तयारीत उभा. लाँचवाल्यानं विचारलं, हुक केलंस? मी छातीठोकपणे हो म्हटलं. तो म्हणाला, उचलून दाखव. ग्लायडर खांद्यावरून वर ढकलला की लेग लूप (हार्नेसचे पायांभोवतीचे पट्टे) मांडीत ताणले गेले पाहिजेत. वर ढकलला, तर मांडीत काहीच नाही, पट्टे सैलच. दोन सेकंद मला कळेना की काय चुकतंय, मग मागे बघितलं तर कॅराबिनर माझ्या पाठीवर लोंबकळत होता.

खाली बसून पाणी प्यायलो. आता नियम असा केलाय की एकदा हुक काढला की हँग चेक पहिल्यापासून, आणि पळायच्या आधीच्या शेवटच्या क्षणी ग्लायडर उचलून ताण बघायचा. तोंडी उत्तरावर विसंबायचं नाही, स्वतःच्यासुद्धा. ग्लोव्हज आता हार्नेसच्या खिशातच असतात.

उड्डाण तसं साधंच झालं. प्रत्येक टर्न टेकडीपासून बाहेरच्या बाजूला. समोरून एक पॅराग्लायडर आला, टेकडी त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे हक्क त्याचा, मी आधीच बाहेर सरकलो. लिफ्ट (वर उचलणारी हवा) बेताचीच होती, मग शेताकडे निघालो. खांब आधी शोधले, सापडले, आणि चालून आलेलो म्हणून उतार कुठे आहे ते माहीत होतं. फ्लेअर (उतरताना नोज वर ढकलून वेग मारणं) मात्र उशिरा दिला, बेस बारच्या चाकांवर घसरत गेलो, गुडघा सोलला आणि तोंडात माती. चाकं नसती तर डाऊनट्यूब (फ्रेमची बाजूची नळी) नक्की वाकली असती. पुढच्या वेळी त्याच शेतात, फ्लेअरवरच काम.