साटंलोटं

लहानपणी पेपरातली बातमी मोठ्यांदा वाचायची सवय होती मला, त्यात एकदा 'अधिकारी आणि ठेकेदारांचं साटंलोटं' असं काहीतरी आलं आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, आमचं पण साटंलोटंच आहे की! मी घाबरलेच, म्हटलं आता आईबाबांना पण पोलीस नेणार.

मग कळलं की माझी आत्या मामाला दिलीय आणि त्या मामाची बहीण म्हणजे माझी आई. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, हे खरं साटंलोटं. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. जमिनीच्या व्यवहारातलं साटेखत ऐकलं असेल, त्यातलंच हे साटं. (लोटं म्हणजे मला कितीतरी वर्षं लोटा वाटायचा, भांडी पण बदलून घेत असतील!)

यात गंमत अशी की दोन्हीकडची मंडळी वरपक्षही आणि वधूपक्षही, त्यामुळे रुसायची सोयच नाही. एक वरमाई फुगून बसली तर दुसरी पण फुगू शकते ना. हुंड्याचा विषय आपोआप बारगळतो, एकाच मांडवात दोन लग्नं उरकतात. पण एक जोडी बिनसली की दुसऱ्या घरात चांगलं चाललेलं पण बिघडतं, आमची पोरगी परत आली ना, मग तुमची पण घेऊन जा. माणसं ओलीस ठेवल्यासारखंच की ते.

मला नवल याचं वाटतं की जे साटंलोटं वाजंत्री लावून, गावजेवण घालून व्हायचं ते आता नुसतं 'उघड' होतं. आता हा शब्द आला की टेबलाखालचंच काहीतरी असणार आणि ते कायम दुसऱ्याचं असणार, स्वतःचं असलं की आपण त्याला संबंध म्हणतो, फार तर देवाणघेवाण. विचारांची देवाणघेवाण होते, विचारांचं साटंलोटं झालेलं ऐकलंय कधी? फेसबुकवर तू माझा फोटो लाईक कर मी तुझा करते हे मात्र अस्सल साटंलोटं, फक्त कबूल कोणी करत नाही.

आमच्याकडे भाऊबीज एकत्रच असते. बाबा आत्याला ओवाळणी घालणार, मामा आईला. एका वर्षी मामा पाकीट घरीच विसरला, तर आत्याने आपल्या तबकातलं बाबांनी नुकतंच घातलेलं पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं, मामाने तेच आईच्या तबकात ठेवलं आणि बाबांचे पैसे पाच मिनिटांत बाबांच्याच घरी परत आले. आईने उघडून मोजले पण.